मुलांच्या बातम्या बाराव्या वर्षी संपतात आणि मोठ्यांच्या बातम्या मधूनच सुरू होतात

उंबरठा

परवा रात्री टीव्हीवर बातम्या चालू होत्या. माझी लेक १४ वर्षांची आहे, ती एरवी या वेळी फोन घेऊन खोलीत असते, पण त्या दिवशी फोन चार्जिंगला होता म्हणून सोफ्यावर बसून राहिली. अँकर म्हणाली, शस्त्रसंधी मोडली. लेकीनं विचारलं, "मोडली म्हणजे आधी झाली होती का? कधी? कोणी केली होती? आणि मोडली तर आता शिक्षा कोणाला होते?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला यातलं एकही धड सांगता येत नाहीये. रोज बातम्या बघते मी. पुढची वीस मिनिटं त्याच स्फोटाचं तेच फुटेज फिरत राहिलं, मग चार चौकटींत चार माणसं आली आणि एकमेकांच्या वर आवाज चढवून बोलायला लागली, खाली पट्टीवर तिसरंच काहीतरी सरकत होतं. लेक उठून गेली. जाताना म्हणाली, "आई, हे मधूनच सुरू झालंय, मला आधीचे एपिसोड माहीत नाहीत."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. खरंच आहे ना ते. मोठ्यांचं बुलेटिन असं धरून चालतं की तुम्ही काल बघितलंय, परवा बघितलंय, गेली दहा वर्षं बघताय. चौदा वर्षांचं पोर या गोष्टीत आत्ता शिरतंय, त्याच्यासाठी प्रत्येक बातमी मधला भाग आहे.

मग जगात या वयासाठी काय काय आहे ते शोधायला बसले आणि एक विचित्र गोष्ट दिसली. लहान मुलांसाठी चांगल्या बातम्या बऱ्याच ठिकाणी आहेत. बीबीसीचं 'न्यूजराउंड' ४ एप्रिल १९७२ ला सुरू झालं, तेही सहा आठवडे करून बघू म्हणून, आणि अजून चालू आहे. नेदरलँड्सच्या एनओएस या सार्वजनिक, म्हणजे लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीचं मुलांचं बातमीपत्र १९८१ पासून आहे. जर्मनीत झेडडीएफ या तशाच वाहिनीचं 'लोगो' १९८८ पासून, रोज दहा मिनिटं. ऑस्ट्रेलियात एबीसी या सार्वजनिक वाहिनीचं 'बिहाइंड द न्यूज' तर १९६८ पासूनचं. पण यातल्या बहुतेकांचा प्रेक्षक साधारण आठ ते बारा वर्षांचा धरलेला असतो. त्यानंतर थेट मोठ्यांचं प्राइम टाइम. मधली पाच सहा वर्षं, १३ ते १८, जेव्हा मूल पहिल्यांदा खऱ्या अर्थानं जगाबद्दल मत बनवायला लागतं, तिथे जवळजवळ मोकळं रान.

माझं म्हणणं एवढंच आहे की टीनएजर्सना सोपी केलेली बातमी नकोय, गोड केलेली तर अजिबात नकोय, त्यांना बातमीच्या मागचं हवंय. तुमच्या घरी काय अनुभव? आणि टीव्हीवाले कोणी इथे असतील तर सांगा ना की हे इतकं अवघड का आहे.

---

रात्रपाळी_डेस्क

उंबरठाताई, धागा वाचून राहवलं नाही. मी बातम्यांच्या आउटपुट डेस्कला आहे, म्हणजे बुलेटिन प्रसारणासाठी तयार करतो, बारा वर्षं झाली, चॅनलचं नाव सांगत नाही. तुमच्या मुलीचं वाक्य आमच्या न्यूजरूममध्ये मोठ्या अक्षरात लावायला हवं.

अवघड का आहे ते सांगतो. बुलेटिनचा रनडाउन असतो, म्हणजे कुठली स्टोरी कितव्या नंबरला आणि किती सेकंद. एका पॅकेजला, म्हणजे तयार करून ठेवलेल्या एका बातमीला, साधारण दीड मिनिट मिळतं. त्यात आजचं काय झालं, एक दोन बाइट म्हणजे कोणाच्या तरी बोलण्याचे छोटे तुकडे, घटनास्थळावरून रिपोर्टरचं कॅमेऱ्यासमोर बोलणं, संपलं. स्क्रिप्ट लिहिताना पार्श्वभूमीची दोन वाक्यं असतात शेवटी, आणि वेळ कमी पडला की तीच पहिली उडतात. का, तर "हे सगळ्यांना माहीत आहे". मी स्वतः शेकडो वेळा ती दोन वाक्यं उडवली आहेत. तेव्हा समोर कोण बसलंय याचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर माझ्या वयाचा माणूस असायचा, १४ वर्षांची मुलगी कधीच नसायची.

दुसरं म्हणजे फुटेज. व्हिज्युअल कमी असली की लूपवर टाकतात. आठ सेकंदांचा तुकडा वीस मिनिटं फिरतो. मोठ्या माणसाला कळतं की ही तीच क्लिप आहे. लहान मुलांना नाही कळत. ११ सप्टेंबर २००१ नंतर हे खूप बोललं गेलं, विमान पुन्हा पुन्हा इमारतीवर आदळताना बघून बऱ्याच लहान मुलांना वाटलं होतं की प्रत्येक वेळी नवी इमारत पडतेय. टीनएजरला ते कळतं, पण त्याच्यावर वेगळा परिणाम होतो, त्याला वाटतं की जग म्हणजे एवढंच. जॉर्ज गर्बनर नावाचे संशोधक होते, त्यांनी १९७० च्या दशकापासून हेच मांडलं की जास्त टीव्ही बघणाऱ्या माणसाला जग आहे त्यापेक्षा जास्त क्रूर वाटायला लागतं.

तिसरं, आणि हे सगळ्यात खरं कारण, टीनएजर मोजला जात नाही. टीव्ही बातम्यांचा प्रेक्षक म्हातारा होत चाललाय, जाहिरात त्याच्याकडे बघून येते, मग कार्यक्रमही त्याच्याच पसंतीचा बनतो, आणि तरुण आणखी लांब जातो. हे चक्र आतून रोज बघतोय मी आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

जर्मनीच्या 'लोगो'बद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांच्याकडे अ‍ॅनिमेशनचे छोटे छोटे समजावणीचे तुकडे असतात, मंत्रिमंडळ म्हणजे काय, निर्बंध म्हणजे काय, असे. एकदा केला की तो तुकडा पुन्हा वापरता येतो. म्हणजे खर्चाचं रडगाणं सुद्धा पूर्ण खरं नाहीये, एकदा नीट केलं की वर्षानुवर्षं पुरतं.

---

पंधरा_पूर्ण

नमस्कार, मी १५ चा आहे. आईच्या लॉगिनवरून वाचायचो, आता स्वतःचं काढलंय. विषय आमचा आहे आणि आमच्यापैकी कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी, आम्ही बातम्या बघत नाही असं सगळे म्हणतात ते बरोबर नाही. आम्हाला बातमी टीव्हीवाल्यांच्या आधी कळते. फोनवर तीस सेकंदांचा व्हिडिओ येतो, त्यात कोणीतरी ओरडत असतं किंवा रडत असतं, मग त्याच्याखाली दुसरा येतो ज्यात पहिला व्हिडिओ खोटा आहे असं म्हटलेलं असतं, मग तिसरा. रात्री झोपताना माझ्या डोक्यात पाच तुकडे असतात आणि एकही गोष्ट पूर्ण नसते. खरं काय ते विचारायला टीव्ही लावला तर तिथे भांडण चालू असतं. मला भांडण नकोय, मला कोणीतरी शांतपणे सांगायला हवंय की आत्तापर्यंत एवढं नक्की माहीत आहे आणि एवढं अजून माहीत नाही.

दुसरं म्हणजे प्लीज आमच्यासाठी कार्यक्रम करताना रंगीबेरंगी सेट आणि उड्या मारणारा अँकर नको. बारा वर्षांपर्यंत ठीक आहे. आम्हाला कोणी "मित्रांनो, तुम्हाला माहितीये का" असं म्हटलं की आम्ही चॅनल बदलतो. आणि आमच्या नावाखाली फक्त परीक्षा, करिअर, गेमिंग आणि फोनचं व्यसन एवढेच विषय नका घेऊ, आम्हाला युद्ध, हवामान, पैसा, कोर्ट हे सगळं हवंय. निवडणुकीत मत आम्ही तीन वर्षांनी देणार, पण जे ठरेल त्यात राहणार आम्हीच आहोत ना.

मी सीएनएनचा 'सीएनएन टेन' बघतो, तो दहा मिनिटांचा असतो आणि शाळकरी मुलांना धरून केलेला असतो. आधी त्याचं नाव 'सीएनएन स्टुडंट न्यूज' होतं. एकच माणूस बोलतो, आवाज चढवत नाही, नकाशा दाखवतो. मला नकाशा खूप आवडतो, कारण अर्ध्या बातम्या कुठे घडतायत तेच मला आधी कळायचं नाही.

---

शांतगृह

मी जरा वेगळं मत मांडते, राग मानू नका. आमच्या घरी गेली दोन वर्षं बातम्यांचा टीव्ही बंद आहे. माझा मुलगा तेरा वर्षांचा होता तेव्हा एका अपहरणाच्या बातमीनंतर त्याला रात्री झोप येईनाशी झाली. खिडक्या पुन्हा पुन्हा तपासायचा, मी दहा मिनिटं उशिरा आले तर फोनवर फोन. आम्ही त्याला समुपदेशकांकडे नेलं आणि घरातल्या बातम्या थांबवल्या. महिन्याभरात फरक पडला. त्यामुळे "मुलांना सगळं दाखवा" हे मी नाही म्हणू शकत. मूल मूल असतं, तेरा काय आणि सतरा काय. मोठं होऊन जगाचं ओझं घ्यायचंच आहे, थोडं उशिरा घेतलं तर काय बिघडलं?

---

उंबरठा

@शांतगृह, राग कसला, उलट तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. तुमच्या मुलाचं वाचून पोटात कालवलं. बरा आहे ना आता?

पण यात एक गोष्ट मला शोधताना सापडली ती सांगते. जोआन कँटर नावाच्या अमेरिकन संशोधक आहेत, मुलं टीव्ही बघून कशाला घाबरतात यावर त्यांचं आयुष्यभराचं काम आहे. त्यांचं म्हणणं असं की सहा सात वर्षांपर्यंतची मुलं दिसण्याला घाबरतात, म्हणजे आग, रक्त, राक्षसी चेहरा. मोठी मुलं शक्यतेला घाबरतात, "हे माझ्या बाबतीत होऊ शकेल का?" १९८३ साली अमेरिकेत अणुयुद्धावरचा एक टीव्ही चित्रपट दाखवला गेला, देशभर कोट्यवधी लोकांनी बघितला, शाळांनी पालकांना सांगितलं होतं की लहान मुलांना दाखवू नका. कँटरबाईंनी नंतर घराघरांत विचारलं तर लहान मुलं सगळ्यात कमी हलली होती, टीनएजर्स त्यांच्यापेक्षा जास्त, आणि पालक सगळ्यात जास्त. कारण लहानांना न दिसलेला अर्थ मोठ्यांना दिसत होता.

मला यातून असं वाटतं की तेराव्या वर्षी भीती चित्रातून निघून विचारात जाते, आणि विचारातली भीती टीव्ही बंद करून पूर्ण जात नाही, कारण बातमी शाळेतून, फोनमधून, मित्राकडून येणारच. त्या वेळी मुलाला हे कोणीतरी सांगायला हवं की अशा घटना किती क्वचित होतात, झाल्यावर पोलीस काय करतात, आपण काय करू शकतो. मुलांची चांगली बातमीपत्रं नेमकं हे करतात, प्रेतं आणि जखमा जवळून दाखवत नाहीत, आणि वाईट बातमी सांगितली की मदत कोण करतंय तेही सांगतात. ही पद्धत टीनएजर्ससाठी थोडी अजून खोल करून वापरता येईल. सतराव्या वर्षी अचानक सगळं ओझं एकदम अंगावर आलं तर ते पेलायची सवयच नसेल, मला त्याची जास्त भीती वाटते.

---

शांतगृह

बरा आहे आता, विचारल्याबद्दल थँक्स. "किती क्वचित होतं ते सांगायला हवं" हे वाचून थांबले मी. समुपदेशकांनी सुद्धा त्याच्याशी हेच केलं होतं, त्याच्याबरोबर बसून शक्यता किती ते समजावलं होतं, आणि मला वाटत होतं की टीव्ही बंद केल्यामुळे फरक पडला. कदाचित दोन्ही असेल. विचार करते.

---

फळा_आणि_खडू

शिक्षिका आहे, १३ ते १६ वयाच्या मुलांना शिकवते. धाग्यात एक मोठं उदाहरण राहिलंय आणि ते सांगितल्याशिवाय ही चर्चा पुढे जाऊ नये, कारण ते खरोखर टीनएजर्ससाठीच होतं. अमेरिकेतलं 'चॅनल वन'.

क्रिस व्हिटल नावाच्या उद्योजकानं १९९० मध्ये ते शाळाशाळांत सुरू केलं. रोज १२ मिनिटांचा कार्यक्रम, त्यातली १० मिनिटं बातम्या आणि २ मिनिटं जाहिराती. शाळेला टीव्ही संच, सॅटेलाइट डिश, वायरिंग सगळं फुकट, अट एवढीच की जवळजवळ रोज बहुतेक वर्गांत तो दाखवायचा. पैशाची चणचण असलेल्या शाळांनी आनंदानं घेतलं. भरात होतं तेव्हा साधारण १२ हजार शाळा आणि ८० लाख मुलं. अँडरसन कूपर आणि लिसा लिंग हे आज मोठे पत्रकार आहेत, ते तिथूनच वर आले. कूपर तर खोटं प्रेस कार्ड बनवून स्वतःच्या कॅमेऱ्यासह ब्रह्मदेशात गेले आणि तिथून केलेलं शूटिंग 'चॅनल वन'नं घेतलं. म्हणजे विशीतले रिपोर्टर थेट संघर्षाच्या जागी जाऊन टीनएजर्सशी त्यांच्या भाषेत बोलत होते, आणि ते काम चांगलं होतं हे मान्य करायलाच हवं.

पण त्या दोन मिनिटांनी सगळं नासवलं. वर्गात बसलेल्या मुलाला उठून जाता येत नाही, आणि त्याच्यासमोर शाळेच्या वेळेत जाहिरात. २००६ मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला, त्यात मुलांना बातम्यांपेक्षा जाहिराती जास्त आठवत होत्या. २०१८ मध्ये ते बंद पडलं. माझ्या मनात हे उदाहरण कायम असतं, कारण चांगला आशय असून कोणाच्या पैशावर चालतो यानं त्याचं काय होतं ते इथे स्वच्छ दिसतं. म्हणून मला वाटतं टीनएजर्सच्या बातम्या सार्वजनिक प्रसारकांनीच करायला हव्यात, जाहिरातीशिवाय. लहान मुलांसाठी ज्यांनी केल्या ते जवळपास सगळे सार्वजनिकच आहेत, वर उंबरठांनी दिलेली यादी बघा.

आता माझ्या वर्गातलं. बीबीसीनं बरीच वर्षं 'स्कूल रिपोर्ट' नावाचा उपक्रम चालवला, ११ ते १६ वयाची मुलं स्वतः बातम्या करायची आणि ठरलेल्या दिवशी दुपारी दोनची डेडलाइन असायची, खऱ्या न्यूजरूमसारखी. मी ते वाचून आमच्याकडे छोटं रूप केलं. पाच जणांचे गट, प्रत्येकाला त्या दिवसाच्या दहा बातम्या दिल्या, त्यातून तीन निवडायच्या, तीन मिनिटांचं बुलेटिन, दोनला सादर. पहिल्या दिवशी एक मुलगी अक्षरशः रडकुंडीला आली होती, म्हणाली मॅडम या सात बातम्या टाकून द्यायच्या म्हणजे त्या माणसांना आपण गप्प करतोय. त्या क्षणापासून तो वर्ग बातम्या वेगळ्या नजरेनं बघायला लागला. आता ते विचारतात की आज काय दाखवलं नाही. मी कितीही लेक्चर दिलं असतं तरी हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला नसता. सहा गटांनी सहा वेगळी बुलेटिन केली होती एकाच दहा बातम्यांतून, आणि पहिली हेडलाइन कुठली यावरून गटागटांत जी चर्चा झाली ती मी कुठल्याही पॅनेलवर ऐकली नाहीये, कारण वर्गात प्रत्येकाला उत्तर द्यायचं होतं की तुम्ही ही वर का घेतली.

---

जुना_श्रोता

वयानं तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा आहे, नातवंडं टीनएजर आहेत. अवघड विषय मुलांना कसा सांगावा यावर एक प्रसंग लिहितो.

नोव्हेंबर १९९१ मध्ये मॅजिक जॉन्सन या बास्केटबॉलपटूनं आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं. त्या काळी त्या आजाराबद्दल मोठी माणसंसुद्धा कुजबुजत बोलायची. काही महिन्यांत, १९९२ मध्ये, लिंडा एलर्बी या पत्रकार बाईंनी निकेलोडियन या मुलांच्या वाहिनीवर त्याला मुलांच्या घोळक्यात बसवलं. त्यातल्या काही मुलांनाच एचआयव्ही होता. एक सात वर्षांची मुलगी रडत रडत म्हणाली की आम्हीही साधी माणसंच आहोत हे लोकांना कळायला हवं, आणि मॅजिक जॉन्सननं तिला धीर दिला. एलर्बीबाईंचं 'निक न्यूज' त्यानंतर २०१५ पर्यंत चाललं. त्यांनी मुलांना कधी कमी लेखलं नाही, प्रश्न मुलांना विचारायला द्यायच्या आणि उत्तर खरं द्यायला लावायच्या.

मी ते बरंच नंतर रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं आणि मला माझ्या मुलांचं आठवलं. ती पंधरा सोळाची असताना असं काही विचारलं की मी "मोठा झालास की कळेल" म्हणून विषय बंद करायचो. ती मोठी झाली, पण मी सांगितलं नाहीच. आता नातू विचारतो तेव्हा माहीत नसेल तर आम्ही दोघं मिळून शोधतो.

---

खिडकीपाशी

न्यूजराउंडबद्दल थोडं अवांतर. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सातही अंतराळवीर गेले, त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिका होती म्हणून अमेरिकेत खूप शाळांत मुलं ते लाइव्ह बघत होती. ब्रिटनमध्ये ही बातमी सगळ्यात आधी कोणी दिली तर न्यूजराउंडनं, कारण त्यांची वेळ आधीची होती. म्हणजे त्या दिवशी मोठ्यांनी सुद्धा मुलांच्या बुलेटिनमधून ऐकलं. मुलांच्या न्यूजरूमला खरी बातमी पेलत नाही असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं.

पण २०२० च्या जुलैमध्ये न्यूजराउंडचं संध्याकाळचं टीव्ही बुलेटिन बंद झालं, सकाळचं ठेवलं, बाकी भर वेबसाइटवर. कारण दिलं की शाळेतून आल्यावर मुलं टीव्ही लावत नाहीत. म्हणून मला प्रश्न पडतो की टीनएजर्ससाठी टीव्हीवर काही सुरू करावं हा हट्टच उशिराचा आहे का? @पंधरा_पूर्ण तूच सांग, टीव्हीवर आलं तर बघशील का?

---

पंधरा_पूर्ण

खरं सांगू? रोज ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर नाही बसणार. पण टीव्हीवाल्यांनी केलेलं असेल तर फोनवर नक्की बघेन. फरक आहे त्यात. फोनवर जे मिळतं ते एकट्या माणसानं खोलीत बसून केलेलं असतं, त्याच्याकडे रिपोर्टर नसतो, कोणी त्याची चूक पकडत नाही, चुकला तर तो माफीही मागत नाही. टीव्हीवाल्यांकडे माणसं आहेत, कॅमेरे आहेत, जिथे घडलं तिथे जाता येतं, जुनं फुटेज आहे, वीस वर्षांपूर्वी काय झालं ते त्यांच्याकडेच पडून आहे. ते आम्हाला द्या ना. नेदरलँड्सच्या त्याच एनओएसनं १३ ते १८ वयासाठी 'एनओएस स्टोरीज' काढलंय आणि ते इन्स्टाग्राम, यूट्यूब अशा ठिकाणी असतं. भाषा कळत नाही मला पण सबटायटल लावून काही बघितलेत, त्यात विषय चांगले मोठे असतात.

आणि घरच्या टीव्हीवर लागलं तर एक फायदा असा की आईबाबा पण बरोबर बघतील. फोनवर मी एकटा बघतो आणि मग प्रश्न पडला की तो तसाच राहतो.

---

उंबरठा

"प्रश्न पडला की तो तसाच राहतो." बाळा, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

एकत्र बघण्यावरून जपानचं सांगते. तिथल्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर १९९४ ते २०१० मुलांचं साप्ताहिक बातमीपत्र होतं. स्टुडिओत घर उभं केलेलं, बाबा, आई, मुलं, आणि बाबा म्हणजे अकिरा इकेगामी, खरे पत्रकार, पुठ्ठ्याची मॉडेलं घेऊन आठवड्याच्या बातम्या समजावायचे आणि मुलं मध्येच अडवून विचारायची. ते मोठी माणसंही भरपूर बघायला लागली, अगदी आजी आजोबासुद्धा. इकेगामी २००५ ला बाहेर पडले आणि मग मोठ्यांना बातम्या समजावून सांगणारा माणूस म्हणून देशभर नाव झालं. याचा अर्थ मागचं कळत नाही हे दुखणं फक्त मुलांचं नाहीच. माझंही आहे, मी वरच लिहिलं. फक्त मोठी माणसं विचारत नाहीत, मान डोलावतात. टीनएजर विचारतो.

म्हणून @रात्रपाळी_डेस्क, मला तुम्हाला विचारायचंय. वेगळं चॅनल नको, वेगळा सेट नको. तुमच्या आत्ताच्या बुलेटिनमध्ये एका बातमीला, फक्त एकीला, "इथपर्यंत कसं आलं" असा एक मिनिट देता येईल का?

---

फळा_आणि_खडू

@उंबरठा एकदम पटलं. फक्त त्या मिनिटात तीन गोष्टी याव्यात, कोण कोण गुंतलंय, कुठे, आणि कधीपासून. नकाशा हवाच. आणि कोणाचं बरोबर हे नको सांगायला, ते पोरांना ठरवू दे. ऑस्ट्रियात २००७ पासून सोळाव्या वर्षी मत देता येतं, ब्राझीलमध्ये तर १९८८ पासून सोळा सतराची मुलं हवं असेल तर मत देऊ शकतात. ज्या वयाला कुठे कुठे मताचा हक्क दिलाय त्या वयाला माहितीचा हक्क तरी नक्की असावा. तो कागदावर आहेही, १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, कलम १७, प्रसारमाध्यमांतून वेगवेगळ्या स्रोतांची माहिती मुलांना मिळायला हवी म्हणून, आणि त्या करारात मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण.

---

शांतगृह

काल मुलाबरोबर बसून दहा मिनिटं बातम्या बघितल्या, दोन वर्षांनी. रिमोट त्याच्या हातात दिला होता आणि सांगितलं होतं की तुला थांबवावंसं वाटेल तेव्हा थांबव. दोनदा थांबवलं. घाबरून नाही, "हा माणूस कोण?" विचारायला. उत्तर मला एकदा आलं, एकदा नाही आलं, मग शोधलं.

---

रात्रपाळी_डेस्क

पाच दिवस गायब होतो, कारण आहे. उंबरठाताईंचा प्रश्न प्रिंट काढून संपादकांसमोर ठेवला, तुमच्या मुलीचं वाक्य आणि या मुलाचं "एवढं माहीत आहे आणि एवढं अजून माहीत नाही" हे दोन्ही. आधी ते म्हणाले वेळ नाही. मग मी गेल्या आठवड्याचा रनडाउन काढला आणि एकच क्लिप लूपवर किती मिनिटं फिरली ते मोजून दाखवलं. एका बातमीत अकरा मिनिटं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

शेवटी हो म्हणाले. ठरलं ते असं: रविवारच्या संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये चार आठवडे, नव्वद सेकंद, एक बातमी मागून पुढे. नकाशा, तारखा, कोण कोण, आणि शेवटी अजून काय माहीत नाही ते. क्लिप वेगळी फोनवरही टाकणार. स्क्रिप्ट मी लिहिणार, आणि पक्की करण्याआधी आमच्या सहकाऱ्यांच्या घरच्या तीन टीनएजर्सना वाचायला देणार, त्यांना जिथे अडेल तिथे बदलणार.

@पंधरा_पूर्ण, पहिले विषय तू सांग. उद्या सकाळपर्यंत हवेत.

---

पंधरा_पूर्ण

उद्या कशाला, आत्ताच सांगतो, मित्रांना पण विचारलं.

१. व्याजदर वाढले असं सांगतात तेव्हा ते कोण वाढवतं आणि का.
२. शस्त्रसंधी कोण करतं, त्यावर सही कोणाची असते आणि मोडली तर काय होतं. हा उंबरठा काकूंच्या मुलीचा प्रश्न आहे, तो आधी घेतलात तरी चालेल.
३. कोर्टानं "स्थगिती" दिली म्हणजे कोण जिंकलं.
४. निर्वासित एका देशातून निघून दुसऱ्या देशात पोचेपर्यंत मध्ये कुठे राहतात.

चौथा माझा आहे.